वाचकांचे प्रश्न: घरची कॅरॅमल-नट कॅन्डी

कॅरॅमल कॅन्डीबद्दल आलेल्या पत्रांत कुणाची कॅन्डी दगडासारखी झाली आहे, कुणाची ट्रेमधून वाहते आहे, कुणाच्या पातेल्यात साखरेचा रवा उरला आहे. तक्रारी वेगळ्या दिसल्या तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच गोंधळ आहे: रंग आला म्हणजे कॅन्डी झाली, ही समजूत. रंगाने चव ठरते. घट्टपणा ठरतो तो मिश्रणात शेवटी पाणी किती उरलं यावर, आणि ते थर्मामीटर सांगतो. ही दोन कामं वेगळी धरली की पुढची बरीच उत्तरं सोपी होतात.

प्रश्न: चावायला मऊ, पण आकार धरून राहणारी कॅन्डी हवी आहे. वजनी प्रमाण आणि कृती सांगा.

साखर 200 ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज 100 ग्रॅम, पाणी 60 मिली, फ्रेश क्रीम 200 मिली, बिनमिठाचं बटर 60 ग्रॅम, मीठ अर्धा चमचा, व्हॅनिला एक चमचा, भाजलेला सुकामेवा 150 ग्रॅम. 18 सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेमध्ये याची साधारण दीड सेंटिमीटर जाडीची वडी होते.

मिश्रण तयार झाल्यावर धावपळीला वेळ मिळत नाही, म्हणून ट्रेला आधीच बटर पेपर लावून ठेवा. कागदाच्या दोन बाजू ट्रेबाहेर येऊ द्या, म्हणजे नंतर वडी उचलून काढता येते. क्रीम, बटर आणि मीठ एकत्र गरम करून बाजूला ठेवा. उकळी नको, वाफ दिसली की पुरे.

जाड बुडाच्या, किमान तीन लिटरच्या स्टीलच्या पातेल्यात साखर, ग्लुकोज आणि पाणी घ्या. आतून काळं असलेलं नॉनस्टिक नको, त्यात पाकाचा रंग दिसत नाही. मंद आचेवर साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. उकळी आली की चमचा बाहेर आणि आच मध्यम. इथून पुढे ढवळायचं नाही. एक बाजू आधी रंगू लागली तर पातेलं धरून हलकेच फिरवा.

आता पातेल्याकडे पाठ करू नका. सुरुवातीचे बुडबुडे लहान आणि घाईचे असतात. पाणी कमी होत गेलं की ते मोठे, चिकट आणि संथ होतात. कडेला पिवळसर झाक येते, तिथून मधाच्या रंगापर्यंत मिनिट-दोन मिनिटं पुरतात. तापमान तेव्हा 170 अंश सेल्सियसच्या आसपास असतं. वास नुसता गोड न राहता खरपूस झाला की गॅस बंद करा. आणखी गडद होण्याची वाट पाहू नका, पातेल्याच्या उष्णतेने रंग पुढे सरकतोच. धूर दिसू लागला तर पाक कडू झाला असं समजा. त्याला उपाय नाही; तो टाकून नव्याने सुरू करणं स्वस्त पडतं, कारण क्रीम आणि बटर अजून वाचलेलं असतं.

गरम क्रीम तीन-चार वेळा थोडं थोडं करून ओता. मिश्रण जोरात फसफसून तिप्पट-चौपट वर येतं. मोठं पातेलं त्यासाठीच. लांब दांड्याचा चमचा वापरा, तोंड आणि हात वाफेच्या वाटेतून दूर ठेवा. फेस बसला की पुन्हा मध्यम-मंद आच, आणि आता मात्र बुडापासून सतत ढवळत राहायचं, कारण दूध-साखर खाली लागते. 118 ते 120 अंशांवर गॅस बंद करा. व्हॅनिला आणि कोमट सुकामेवा घालून लगेच ट्रेमध्ये ओता. पातेल्याच्या तळाला चिकटलेलं खरवडून ट्रेमध्ये घेऊ नका, ते जास्त शिजलेलं असतं. चार-पाच तास तसंच राहू द्या. तेल लावलेल्या लांब सुरीने सरळ दाब देऊन कापा. सुरी पुढे-मागे ओढली की सुकामेवा उखडतो.

प्रश्न: दरवेळी पाक साखरतो. ग्लुकोज मिळालं नाही तर काय घालावं?

एक दाणा पुरेसा असतो. पातेल्याच्या कडेला वाळलेला साखरेचा कण पाकात पडला की त्याच्याभोवती बाकीची साखर भराभर जमते. म्हणून साखर विरघळताना कडा ओल्या ब्रशने पुसून घ्या, किंवा दोन मिनिटं झाकण ठेवा; वाफेचं पाणी ओघळून कडा आपोआप धुतल्या जातात. उकळी आल्यावर ढवळू नका म्हणतात तेही याचसाठी. लिक्विड ग्लुकोजचं काम गोडी वाढवण्याचं नाही. त्याचे रेणू साखरेच्या रेणूंना एकमेकांना चिकटून रचना करू देत नाहीत.

ते नसेल तर 200 ग्रॅम साखरेला अर्धा चमचा लिंबाचा रस पाण्यासोबतच, सुरुवातीला घाला. आंबटपणामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये तुटतो आणि तोच पहारा देतो. रस वाढवू नका, कॅन्डी चिकट राहते. दोन मोठे चमचे मधही चालतो, फक्त रंग लवकर येतो आणि मधाची चव लपत नाही.

पाक साखरलाच तर फेकू नका. अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर सगळे कण विरघळवा आणि पुन्हा पहिल्यापासून शिजवा.

प्रश्न: थर्मामीटरशिवाय जमेल का? आणि थर्मामीटर असूनही अंदाज का चुकतो?

जमेल. वाटीभर गार पाण्यात मिश्रणाचा अर्धा चमचा थेंब सोडा आणि बोटांनी गोळा करा. गोळी होते पण बाहेर काढताच पसरते: 112 ते 116 अंश, अजून थांबा. गोळी आकार धरते आणि दाबली की दबते: 118 ते 120, मऊ कॅन्डीची हीच वेळ. गोळी कडक, जेमतेम दबणारी झाली तर 121 च्या पुढे गेलात. पाण्यात तडकणारे धागे झाले तर 132 च्या वर. चाचणी करताना पातेलं आचेवरून उतरवा. तुम्ही गोळी वळत असता तेवढ्यात पातेल्यातलं तापमान दोन-तीन अंश चढतं, आणि या पदार्थात दोन-तीन अंश पुष्कळ झाले.

थर्मामीटर चुकण्याची कारणं बहुधा तीन. त्याचं टोक पातेल्याच्या तळाला टेकलेलं असतं. तळ मिश्रणापेक्षा जास्त तापलेला असल्याने आकडा फुगतो. किंवा मिश्रण इतकं कमी घेतलेलं असतं की टोक बुडतच नाही. आणि तिसरं, उपकरणच पुढे-मागे असतं. उकळत्या पाण्यात ते तपासा. समुद्रसपाटीच्या आसपास 100 दाखवायला हवं. 97 दाखवत असेल तर कृतीतल्या प्रत्येक आकड्यातून 3 वजा करा. उंचावर पाणी मुळातच कमी तापमानाला उकळतं, दर 300 मीटरला साधारण एक अंशाने, आणि ही वजाबाकी तिथेही तशीच लागू पडते.

प्रश्न: कॅन्डी फार मऊ किंवा फार कडक झाली तर वाचवता येते का?

दोन्ही वाचतात. तुकडे पुन्हा पातेल्यात घ्या, तीन मोठे चमचे पाणी घाला, मंद आचेवर एकजीव करा आणि या वेळी बरोबर तापमानाला उतरवा. कडक झालेल्या कॅन्डीला पाणी कशाला हे पटकन लक्षात येतं. मऊला पाणी विचित्र वाटतं, पण त्याशिवाय ती वितळेपर्यंत बुडाला लागते. सुकामेवा घातलेला असला तरी हे करता येतं, फक्त तो थोडा मऊ पडतो.

प्रश्न: शिजताना वर तुपासारखा थर आला आणि मिश्रण फाटल्यासारखं दिसलं.

बटर सुटलं. आच एकदम वाढवली, ढवळणं थांबलं किंवा पातेलं पातळ बुडाचं असलं की असं होतं. आच अगदी कमी करून एक-एक चमचा कडकडीत गरम पाणी घालत जोरात ढवळा. दोन-तीन चमच्यांत ते बहुतेक वेळा पुन्हा जुळून येतं. मग तापमान पुन्हा वर न्यावं लागेल. सुटलेलं बटर टिपून काढण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका, उरलेली कॅन्डी दाणेदार आणि कडक होते.

क्रीम ओतल्याबरोबर गुठळ्या दिसल्या तर ती वेगळी गोष्ट आहे. क्रीम गार होतं, म्हणून पाक जागच्या जागी गोठला. मंद आचेवर ढवळत राहा, गुठळ्या विरघळतात.

प्रश्न: सुकामेवा कॅन्डीत दोन दिवसांत मऊ पडतो. कोणता वापरावा?

बदाम, हेझलनट, पेकन, काजू, शेंगदाणे, सगळे चालतात. चूक निवडीपेक्षा भाजण्यात असते. कच्च्या दाण्यात ओलावा असतो आणि तो कॅन्डीत उतरतो. ओव्हनमध्ये 160 अंशांवर 10 ते 12 मिनिटं भाजा, मध्ये एकदा हलवा. एक बदाम कापून बघा: आतला भाग पांढराशुभ्र नको, फिकट बिस्किटी हवा. काजू लवकर लाल होतो, त्याला आठव्या मिनिटापासून बघा. शेंगदाण्याची आणि हेझलनटची सालं भाजून चोळून काढा, नाहीतर ती सुटून मिश्रणात तरंगतात. अक्रोडाची साल निघत नाही आणि तिचा किंचित तुरटपणा गोडाला छान तोलतो. मात्र अक्रोड लवकर खवट होतो, आधी एक चावून बघा.

घालताना दाणे कोमट हवेत. गार दाणे घातले की भोवतीचं कॅरॅमल तिथल्या तिथे आवळतं आणि सारखं पसरत नाही. बारीक चुरा चाळून टाका. कॅन्डी भेट देणार असाल तर डब्यावर कोणता सुकामेवा आहे ते लिहाच. अ‍ॅलर्जी असलेल्याला एक तुकडाही महागात पडू शकतो.

प्रश्न: क्रीमऐवजी कन्डेन्स्ड मिल्क चालेल?

चालेल. 400 ग्रॅम कन्डेन्स्ड मिल्कला साखर 200 ग्रॅम, ग्लुकोज 100 ग्रॅम, बटर 100 ग्रॅम, पाणी 60 मिली. इथे पाक आधी लाल करायचा नाही. साखर विरघळली की बाकी सगळं घालून मंद आचेवर 118 अंशांपर्यंत न थांबता ढवळा, 20 ते 25 मिनिटं. रंग दुधातल्या प्रथिनांमुळे आणि साखरेमुळे येतो, म्हणून चव खरपूस कमी आणि दुधाळ जास्त. बुडाला लागण्याचा धोका इथे दुप्पट. तपकिरी ठिपके दिसले तर तळ न खरवडता मिश्रण दुसऱ्या पातेल्यात ओता.

प्रश्न: कुरकुरीत, काचेसारखी तुटणारी कॅन्डी करायची असेल तर?

त्यात क्रीम नसतं. साखर 200, ग्लुकोज 100, पाणी 60 मिली 150 अंशांपर्यंत न्या. या टप्प्यावर पाणी जेमतेम एक टक्का उरतं, म्हणून ती तुटते. आच बंद करून 30 ग्रॅम बटर, मीठ, 150 ग्रॅम भाजलेले कोमट दाणे आणि शेवटी अर्धा चमचा खायचा सोडा. सोड्याने बारीक बुडबुडे होतात, ते गोठले की कॅन्डी दाताला हलकी लागते. सोडा चाळून घाला. गुठळी राहिली तर त्या घासाला साबणाची चव येते. बटर लावलेल्या कागदावर ओतून चटकन पसरवा. दाताला चिकटत असेल तर 146 च्या आधीच उतरवली आहे.

प्रश्न: दोन दिवसांत वरून ओलसर होते.

साखर हवेतलं पाणी ओढते. प्रत्येक तुकडा सुटा, कागदाची टोकं पिळून गुंडाळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मऊ कॅन्डी दोन आठवडे चांगली राहते. फ्रिजमधून काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर कॅन्डीवर दव धरतं. पावसाळी हवेत एक अंश जास्त शिजवा.

प्रश्न: पाक हातावर उडाला तर?

पाक त्वचेला चिकटून भाजत राहतो. हात लगेच वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरा. बर्फ, लोणी, टूथपेस्ट काही लावू नका. चिकटलेला पाक ओढून काढू नका, पाण्याने विरघळू द्या. मोठा फोड आला किंवा तोंडा-डोळ्यांजवळ भाजलं तर डॉक्टर.

प्रश्न: पातेल्याला चिकटलेलं कॅरॅमल निघत नाही.

घासू नका. पाणी भरून उकळवा, चमचे-थर्मामीटरची सळीही त्यातच बुडवा. दहा मिनिटांत सगळं विरघळतं.