मुंबईत मोठा भूकंप झाला तर? सोसायटीने आधी काय करून ठेवावं

तुम्ही विचारलंय की भूकंपात मोडलेली शहरं नंतर जे शिकतात ते मुंबईत आधीच करता येईल का, आणि सातव्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या साध्या माणसाच्या हातात त्यातलं काय आहे. बरंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी डिप्लोमा सिव्हिल केलंय, पंधरा वर्षं स्ट्रक्चरल ऑडिटच्या, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीच्या, साइटवर फिरतेय, राहते मुलुंडला. पण मूळची औसा तालुक्यातली, आणि किल्लारी आमच्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ला मी दहा वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक गणपती बोळवून दमून झोपलेले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमचं घर राहिलं, मामाच्या गावात मात्र घरंच उरली नाहीत. तिकडची घरं म्हणजे मातीत रचलेल्या दगडाच्या दोन दोन फूट जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, त्यावर दर पावसाळ्याआधी मातीचा नवा थर टाकायचा, म्हणजे वर्षानुवर्षं डोक्यावरचं ओझं वाढतच गेलेलं. तेच अंगावर आलं. त्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली आणि तेव्हाच्या नकाशावर हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

मामा सांगायचा की सकाळी जेसीबी नाही, मिलिटरी नाही, काही नाही, गावातलीच वाचलेली माणसं फावडी आणि हात घेऊन उकरत होती आणि प्रत्येक ढिगाऱ्यापाशी एकच प्रश्न, कोण कुठं निजलं होतं? ज्याला सांगता आलं त्याची माणसं सापडली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे परत येते त्यावर.

आता मुंबई. भूकंपाच्या धोक्याच्या ज्या नकाशावर इथल्या बहुतेक आरसीसी इमारती डिझाइन झाल्या त्यात मुंबई झोन ३ मध्ये आहे. लोक म्हणतात झोन ३ म्हणजे मध्यम, काय एवढं. मग २६ जानेवारी २००१ आठवा. भूकंप कच्छमध्ये, अहमदाबाद तिथून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब आणि तेही झोन ३ मध्येच, तरी तिथे बहुमजली इमारती कोसळून शेकडो माणसं गेली. पडलेल्यांपैकी बऱ्याच इमारतींमध्ये एक गोष्ट सारखी होती, खाली मोकळं पार्किंग. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असतात त्यामुळे ते मजले एका खोक्यासारखे कडक होतात, खाली नुसते कॉलम, मग इमारत डोलायला लागली की सगळं वाकणं त्या एका मजल्याच्या कॉलमवर येतं आणि ते मोडले की वरचं अख्खं खाली बसतं. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, आयएस १८९३, म्हणजे भूकंपाचा विचार करून इमारत कशी डिझाइन करायची त्याचं भारतीय मानक, सुधारून आलं त्यात अशा मोकळ्या मजल्याचे कॉलम अडीच पट बळासाठी डिझाइन करा असा नियम आला. म्हणजे त्याआधी बांधलेली स्टिल्टवाली, म्हणजे खाली मोकळं पार्किंग असलेली, बिल्डिंग तुमची असेल तर ती या नियमाने बांधलेली असण्याची शक्यता कमीच. आणि मुंबईत अशा किती आहेत ते गल्लीतून चालत गेलात तरी दिसेल.

म्हणून पहिलं काम, खाली जाऊन तळमजला नीट बघा. कॉलमला उभे तडे आहेत का, प्लास्टर फुगलंय का, गंजलेली सळई दिसतेय का, दुकानवाल्याने शटर मोठं करायला भिंत काढलीय का, पाइप न्यायला बीमला भोक पाडलंय का. २०१७ मध्ये घाटकोपरला चार मजली इमारत पडून १७ जण गेले तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरफाराचंच कारण पुढे आलं होतं, आणि तेव्हा भूकंप बिकंप काही नव्हता. आमच्याच सोसायटीत एकाने गाळ्यातली भिंत रात्रीत उडवली आणि आम्ही चार महिने नुसती पत्रं लिहीत बसलो, मला आजही त्याचा राग येतो कारण वर ४८ कुटुंबं झोपतात. भाडेकरू असलात तरी फोटो काढून सेक्रेटरीला लेखी द्या, ते द्यायला मालकी लागत नाही.

दुसरं ऑडिटचं. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच करावं लागतं, महापालिका कायद्याचं कलम ३५३ ब. पण माझा अनुभव सांगते, बहुतेक रिपोर्ट गंज, गळती आणि काँक्रीटची आजची ताकद याबद्दल असतात, हॅमर टेस्ट, अल्ट्रासोनिक, कोअर काढणं वगैरे. ते हवंच. पण आडवा हादरा आला तर ही इमारत काय करेल याचं गणित त्यात असेलच असं नाही. कन्सल्टंटला स्पष्ट विचारा, आयएस १५९८८ (जुन्या आरसीसी इमारती तपासण्याचं मानक) प्रमाणे भूकंपासाठी तपासणी कराल का आणि किती घ्याल. खर्च वाढतो, मान्य आहे, पण रंगकामावर लाखो घालवणाऱ्या सोसायट्या मी रोज बघते. कमकुवत निघाली तर कॉलमला जॅकेट, म्हणजे भोवती जादा आवरण, घालता येतं, पार्किंगच्या काही गाळ्यांत काँक्रीटची भिंत किंवा लोखंडी तिरक्या पट्ट्या घालता येतात. आधी दोन चार गाड्यांची जागा कोणी सोडायची यावरून भांडणं होतात आणि काम तिथेच अडतं. त्या मीटिंगला जा आणि बोला.

रिडेव्हलपमेंटला जात असाल तर काम चालू असताना साइटवर चक्कर मारा आणि कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा बघा. रिंगेची टोकं आत काँक्रीटच्या गाभ्यात वळवलेली हवीत, १३५ अंशात. नुसत्या काटकोनात वाकवलेली रिंग जोराच्या हादऱ्यात उघडते आणि मग उभ्या सळया बाहेर फुगतात. हे बघायला इंजिनिअर लागत नाही, डोळे लागतात.

आता मामाच्या प्रश्नावर येते. जपानमध्ये १७ जानेवारी १९९५ ला कोबेचा भूकंप झाला, पहाटे ५:४६ ला. कोबेतही ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं, पण भूकंपाच्या केंद्राजवळच्या अवाजी बेटावर होकुदान नावाचं छोटं गाव होतं तिथे तर त्याच दिवशी सगळी अडकलेली माणसं शोधून झाली, कारण तिथल्या स्वयंसेवकांना कुठल्या घरात कोण कुठल्या खोलीत झोपतं ते माहीत होतं. किल्लारीचाच प्रश्न, फक्त तिथे उत्तर तयार होतं. मुंबईत २६ जुलै २००५ ला ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा लोकांनी अनोळखी लोकांना घरात घेतलं, तो जीव आपल्याकडे आहे, पण शेजारच्या फ्लॅटमधली आजी कुठल्या खोलीत झोपते हे आपल्याला माहीत नसतं.

म्हणून आमच्या बिल्डिंगमध्ये एक वही केली. फ्लॅट नंबर, किती माणसं, कोण कुठल्या खोलीत झोपतं, कोणाला चालता येत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला इन्सुलिन लागतं, चावी शेजारी कोणाकडे. एक प्रत खाली केबिनमध्ये कुलपात, एक समोरच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीकडे, कारण आपली केबिनच दबली तर वही काय कामाची. काही जण म्हणाले ही खाजगी माहिती आहे, बरोबर आहे त्यांचं, म्हणून ज्यांनी स्वतः दिली त्यांचीच लिहिली. आज ४८ पैकी ४१ घरं आहेत.

पाण्याचंही बोलायला हवं. मुंबईचं बहुतेक पाणी भातसा, वैतरणा, तानसा इकडून लांबून येतं, शहराच्या आत फक्त विहार आणि तुळशी. जलवाहिनी तुटली किंवा वीज गेली तर पंप बंद, मग टाकीत आहे तेवढंच. १९६७ च्या कोयना भूकंपात मुंबईचीही वीज गेली होती. घरात माणशी तीन दिवसांचं प्यायचं पाणी झाकून ठेवा आणि दर काही दिवसांनी बदला. लोखंडी कपाट एल अँगलने भिंतीला ठोका, पलंगावरच्या माळ्यावर जड पातेली ठेवू नका, खिडकीच्या ग्रिलला उघडणारी झडप आणि तिची चावी जवळच, जिन्यातल्या सायकली आणि चपलांचे रॅक काढा. हादरा आला की जिन्याकडे धावू नका, लिफ्ट तर नाहीच, टेबलाखाली जाऊन डोकं झाकून घट्ट धरून बसा, थांबल्यावर गॅस बंद करून उतरा. पालिकेचा १९१६ आणि आणीबाणीचा ११२ कागदावर लिहून दाराला चिकटवा.

मेक्सिको सिटीत १९८५ चा भूकंप १९ सप्टेंबरला झाला म्हणून तिथे त्या तारखेला कवायत करतात, आणि २०१७ मध्ये कवायत होऊन दोन तासांहून थोडाच जास्त वेळ झाला तर खरा भूकंप आला. आमच्याकडे कवायतीला पहिल्या वर्षी अकरा माणसं आली, मग मुलांना शिट्टी आणि मजल्यांची जबाबदारी दिली तसे आईबाप खाली यायला लागले. वही मात्र गणपतीची वर्गणी गोळा करताना नवीन करतो, तेव्हा तसंही प्रत्येक दारात जावं लागतं आणि लोक आत बोलावून बसवतात, चहा होईपर्यंत कोण कुठं झोपतं ते लिहून होतं.