जांभ्या जमिनीत अशनीचा शोध

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या माळावर अशनी शोधण्यासाठी मेटल डिटेक्टर घ्यायचा आहे. दुकानदार लोखंड वगळणारे यंत्र सुचवतात. ते घ्यावे का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : लोखंड वगळण्याची सोय नाणी आणि दागिने शोधणाऱ्यांच्या कामाची आहे. अशनीतील धातू मुख्यतः लोह-निकेलच असल्याने ती सोय चालू राहिली, तर हवा असलेला दगडच यंत्र गाळून टाकील. म्हणून सर्व धातूंना प्रतिसाद देणारी अवस्था असलेलेच यंत्र घ्यावे.

खरी अडचण जमिनीची आहे. आपल्या जांभ्यात लोहाची ऑक्साइडे भरपूर असतात, आणि अथणीकडच्या काळ्या जमिनीतही बेसाल्टमधून आलेले मॅग्नेटाइटचे कण असतात. त्यामुळे नेहमीचे व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारतेच्या लहरींवर सतत चालणारे) यंत्र कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची चकती, जरा वरखाली झाली तरी गुणगुणू लागते आणि जांभ्याचा साधा खडाही धातूसारखा वाजतो. पल्स इंडक्शन (थांबूनथांबून विजेचे स्पंद सोडणारे) यंत्र अशा जमिनीत शांत राहते व खोलवरची लोही अशनी पकडते, परंतु दगडी अशनीत धातू बारीक कणांच्या रूपाने विखुरलेला असल्याने तिचा संकेत त्याला बहुधा क्षीणच मिळतो. नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे २२ मे २०१२ रोजी पडलेल्या अशनी दगडीच होत्या, आणि पडताना दिसणाऱ्या बहुतेक अशनी याच जातीच्या असतात. त्यामुळे माझे मत हाताने ग्राउंड बॅलन्स (जमिनीतील खनिजांचा आवाज बाद करणारी जुळणी) करता येणाऱ्या व्हीएलएफ यंत्राकडे झुकते. स्वच्छ जागी कॉइल जमिनीलगत वरखाली करीत आवाज स्थिर होईपर्यंत बॅलन्स साधावा आणि मातीचा रंग बदलला की ते पुन्हा करावे. विश्वासू विक्रेत्याकडून खऱ्या दगडी अशनीचा लहान तुकडा मिळाला, तर तो आपल्याच शेतातील मातीत पुरून यंत्र तपासावे. पैसे मोजण्यापूर्वी यापेक्षा चांगली परीक्षा नाही.

संकेत मिळाला तरी घाई करू नये. नांगराच्या फाळाचे तुकडे आणि बैलांच्या पत्र्या शेतात असतातच. शिवाय फाउंड्रीतील स्लॅग (धातू वितळवताना उरणारी मळी) रस्त्याच्या भरावातून माळावर येऊ शकतो, तोही काळा आणि जड असतो व कधीकधी चुंबकाला चिकटतो. मात्र फोडलेल्या स्लॅगमध्ये बुडबुड्यांची पोकळ छिद्रे दिसतात, तशी अशनीत सहसा नसतात. शक्तिशाली चुंबक दगडाला लावूच नये, कारण त्याने अशनीतील मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते.

जमीनमालकाची परवानगी घ्यावी. हलशीसारख्या संरक्षित स्मारकांच्या परिसरात व भीमगड अभयारण्यात यंत्र नेऊ नये. संशयित दगड न धुता कोरड्या, स्वच्छ पिशवीत ठेवून जागेची नोंद करावी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे.