तयारी कोणाला सांगितली, ते शोध

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. मेहनत दिसते. पण ब्रेक्झिटसाठी, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्यासाठी, ब्रिटिश सरकारने तयारी कशी केली हा तुझा विषय, आणि पाचपैकी चार प्रकरणं वाटाघाटींवर! पंतप्रधान मे काय म्हणाल्या, युरोपीय संघाचे मुख्य वाटाघाटीकार बार्निये काय म्हणाले, मेंनंतरचे पंतप्रधान जॉन्सननी कोणाला तोंडघशी पाडलं. तयारी बिचारी शेवटच्या प्रकरणात कशीबशी डोकावते. हे उलटं कर. वाटाघाटींवर लिहिणारे ढीगभर आहेत. तयारीची गोष्ट मात्र लेखापरीक्षणाच्या अहवालांत, खात्यांच्या सूचनापत्रांत आणि डोव्हर बंदर ज्या केंट परगण्यात आहे तिथल्या महामार्गांवर विखुरलेली आहे. ती वेचायला चिकाटी लागते, म्हणून तिकडे फारसं कोणी फिरकत नाही.

सुरुवात २३ जून २०१६ च्या सार्वमताआधीपासून कर. बाहेर पडण्याचा कौल लागला तर काय, याची तयारी करायची नाही, असं तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरन यांच्या सरकारचं धोरण होतं. आर्थिक बाजार सावरण्यापुरता काय तो अपवाद. जुलैमध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, कॉमन्सच्या, परराष्ट्र व्यवहार समितीने त्याला घोर निष्काळजीपणा म्हटलं. मला ते रास्त वाटतं, पण दोषारोप करून तू पुढे सरकू नकोस. त्या निर्णयामागचा हिशेब बघ. तयारी चालू आहे हे बाहेर फुटलं असतं, तर सरकारच हा कौल शक्य मानतं असा अर्थ निघाला असता. म्हणजे तयारी करणं हेच राजकीय विधान ठरत होतं. ५१.९ टक्के मतांनी बाहेर पडण्याचा कौल लागला, पंतप्रधान बदलले, ब्रेक्झिटसाठी नवं खातं उभं राहिलं, पण हा हिशेब काही बदलला नाही. माझ्या मते तुझ्या प्रबंधाचा कणा हाच आहे.

संघातून बाहेर पडण्याची, म्हणजे संघाच्या करारातल्या कलम ५० ची, नोटीस २९ मार्च २०१७ ला गेली आणि दोन वर्षांचं घड्याळ सुरू झालं. कराराविना बाहेर पडायची वेळ आली तर, यासाठी आता तयारी करायची होती. आणि घोडं इथेच पेंड खातं. ब्रसेल्सला, म्हणजे युरोपीय संघाला, पटायला हवं की आम्ही सज्ज आहोत, म्हणून तयारी दिसायला हवी. पण घरी घबराट पसरायला नको आणि आपल्याच पक्षात फाटाफूट व्हायला नको, म्हणून ती दिसायलाही नको. मग मधला मार्ग निघाला: निवडक कंपन्यांना आणि व्यापारी संघटनांना बोलवायचं, गोपनीयतेच्या करारावर सह्या घ्यायच्या आणि मगच बोलायचं. सर्वांसाठीची सूचनापत्रं २०१८ च्या ऑगस्टपासून निघू लागली, तेव्हा मुदतीला जेमतेम सात महिने उरले होते.

आता सीमाशुल्काचं बघ. वर्षाला साडेपाच कोटी घोषणापत्रं येत होती, ती साडेपंचवीस कोटींवर जातील असा ब्रिटिश कर विभागाचाच अंदाज होता. संगणक प्रणाली सरकार उभारू शकतं, मनुष्यबळ वाढवू शकतं. पण अर्ज भरणार कोण? ज्यांनी आयुष्यभर फक्त युरोपीय संघाशीच व्यापार केला आणि असा अर्ज कधी पाहिलाही नाही, ते छोटे व्यापारी. तयारीचा मोठा हिस्सा सरकारच्या हातात नव्हताच.

७ जानेवारी २०१९ ची मॅन्स्टनची चाचणी तुझ्या आराखड्यात एका ओळीत उरकली आहेस. तिला चार पानं दे. डोव्हर बंदरात ट्रक तुंबले तर ते मॅन्स्टनच्या बंद पडलेल्या विमानतळावर थांबवायचे आणि तिथून थोडे थोडे बंदराकडे सोडायचे, अशी योजना. चाचणीसाठी दीडशे ट्रक अपेक्षित होते, आले ८९. डोव्हरमधून दिवसाला दहा हजारांपर्यंत मालमोटारी जातात. वर्तमानपत्रांनी खिल्ली उडवली ती या आकड्यावरून, आणि मला ती थोडी अन्यायाचीच वाटते. सराव छोटाच असतो. खरी उणीव वेगळी होती. ट्रक धावपट्टीवरून रस्त्याला लागतात का, हे तपासलं गेलं. ट्रकवाल्याजवळ फ्रेंच सीमाशुल्काला लागणारे कागद असतील का, हे तपासलंच नाही.

आता याच्या शेजारी यलोहॅमर ठेव, म्हणजे कराराविना बाहेर पडल्यास काय होईल याचा सरकारी अंदाज. २ ऑगस्ट २०१९ च्या त्या गोपनीय टिपणात म्हटलं होतं की कराराविना बाहेर पडलो तर इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या ५० ते ८५ टक्के मालमोटारी फ्रेंच तपासणीसाठी तयार नसतील आणि वाहतूक नेहमीच्या ४० ते ६० टक्क्यांवर येऊ शकेल. संसदेने भाग पाडलं तेव्हा ११ सप्टेंबरला ते प्रसिद्ध झालं. विरोधाभास बघ: ज्यांच्या अपुऱ्या तयारीवर सगळं गणित बेतलेलं, त्यांनाच ते गणित दाखवायचं नव्हतं! तुझं मुख्य प्रकरण या एका वाक्यावर उभं राहील.

उलट उदाहरणंही घे, नाहीतर परीक्षक तुला एकांगी म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील. औषध कंपन्यांनी नेहमीपेक्षा सहा आठवड्यांचा जास्तीचा साठा ठेवावा, हे आरोग्य खात्याने ऑगस्ट २०१८ मध्ये उघडपणे सांगितलं. मात्र कर्करोगाच्या आणि हृदयाच्या तपासण्यांना लागणाऱ्या किरणोत्सारी समस्थानिकांचा साठा करताच येत नाही. मॉलिब्डेनम-९९ तर ६६ तासांत निम्मं होतं. तिथे साठ्याऐवजी विमानाने आणण्याची सोय करायला पुरवठादारांना सांगितलं गेलं. वस्तूचा स्वभाव ओळखून आखलेली योजना म्हणजे काय, ते इथे दिसतं.

दुसरं उदाहरण युरोपीय संघाच्या नागरिकांना ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क देणाऱ्या योजनेचं. ही लपवून चालणारच नव्हती, कारण प्रत्येकाने स्वतः अर्ज करायचा होता. म्हणून २०१८ मध्येच वायव्य इंग्लंडमधल्या रुग्णालयांत आणि विद्यापीठांत तिची चाचणी झाली, त्रुटी सापडल्या, ६५ पौंडांचं शुल्क नंतर रद्द झालं. पासपोर्ट तपासणारं अ‍ॅप सुरुवातीला फक्त अँड्रॉइडवर चालायचं, आयफोनवाल्यांना ऑक्टोबर २०१९ पर्यंत थांबावं लागलं. अंदाज ३५ ते ४१ लाख लोकांचा होता. जून २०२१ अखेर अर्ज साठ लाखांवर गेले. (स्वतःच्या देशात संघाचे नेमके किती लोक राहतात हे ब्रिटिश सरकारला ठाऊक नव्हतं! यावर वेगळा प्रबंध होईल, पण तो तू आत्ता लिहू नकोस.) अंदाज इतका चुकूनही योजना कोलमडली नाही, याचं कारण शोध.

तारखांचं थोडक्यात आटप. २०१९ मधल्या २९ मार्च, १२ एप्रिल, ३१ ऑक्टोबर अशा बाहेर पडण्याच्या तारखा हुकत गेल्या आणि अखेर ३१ जानेवारी २०२० उजाडला. ३१ ऑक्टोबर कोरलेली ५० पेन्सची नाणी वितळवावी लागली, हा तपशील सगळेच देतात; तूही दे, पण व्यापाऱ्यांचं काय झालं तेही लिही. दोनदा गोदामं भरून पैसा अडकवलेला माणूस तिसऱ्या वेळी सरकारी जाहिरात का वाचेल? २०१९ च्या शरदातल्या जाहिरात मोहिमेसाठी १० कोटी पौंड मंजूर होते, ४.६ कोटी खर्च झाले, आणि लोकांची तयारी त्यामुळे लक्षणीय वाढल्याचं लेखापरीक्षकांना दिसलं नाही.

एकूण खर्चाचा आकडा, म्हणजे ३१ जानेवारी २०२० पर्यंत किमान ४.४ अब्ज पौंड, देताना मात्र सगळं वाया गेलं असं लिहू नकोस. सीमेवरच्या कामाचा काही भाग संक्रमणकाळ संपल्यावर, १ जानेवारी २०२१ ला, उपयोगी पडलाच. आणि संघातून येणाऱ्या बऱ्याचशा प्राणिज आणि वनस्पतिजन्य मालाची सीमेवरची प्रत्यक्ष तपासणी पुन्हा पुन्हा पुढे ढकलत ३० एप्रिल २०२४ ला सुरू झाली, तेव्हा तयारी संपली कधी हेही तुला ठरवावं लागेल.

आयर्लंडचं प्रकरण वेगळं ठेवलंस ते ठीक. तिथला सीमेचा पेच प्रशासनाच्या आवाक्यातलाच नव्हता.

मंत्र्यांच्या आठवणी सगळ्यात शेवटी वाच. त्यांत प्रत्येकाला सगळं आधीच ठाऊक असतं. अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेशील तेव्हा योजना काय होती असं विचारू नकोस, ते छापील उत्तर देतील. कोणतं गृहीतक बदलायची परवानगी नव्हती आणि हे टिपण कोणाकोणाला दाखवायचं नाही असं सांगितलं होतं, ते विचार.

नवा आराखडा लगेच नको. आधी मॅन्स्टनची चार पानं लिहून पाठव.

सस्नेह,
तुझ्या बाई