सरकारी पैशावर तेलकंपन्यांसाठी संशोधन का करायचं?

प्रश्न रास्त आहे: कंपन्या गब्बर असताना सरकारनं खिसा का सैल करावा?

अमेरिकेचं उदाहरण घ्या. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिथल्या सरकारनं १९७६ मध्ये पूर्वेकडच्या शेल या घट्ट, थराथरांच्या खडकातल्या वायूवर संशोधन सुरू केलं. तेव्हा या खडकातून परवडेल असा वायू निघेल यावर फार थोड्यांचा विश्वास होता. आडवी विहीर खोदून तिला अनेक ठिकाणी तडे देण्याचा प्रयोग १९८६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात सरकारी मदतीनंच झाला. कृत्रिम हिऱ्याचे ड्रिल-बिट, म्हणजे खडक कापणारी पाइपाच्या टोकाची पाती, मूळचे जनरल इलेक्ट्रिकचे, पण ते खडकात टिकावेत म्हणून सॅंडियाच्या सरकारी प्रयोगशाळेनं बरीच मेहनत घेतली. बिट टिकला की तो बदलायला सगळे पाइप वर ओढावे लागत नाहीत. रिगचं, म्हणजे विहीर खोदणाऱ्या यंत्राचं, भाडं दिवसावर असतं, त्यामुळे खरी बचत इथेच होते.

म्हणून सगळं श्रेय सरकारचं, असंही नाही. टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल या खासगी उद्योजकानं वर्षानुवर्षं पैसा ओतला, तेव्हा कुठे १९९० च्या दशकाअखेरीस गणित जमलं.

आपल्याकडे तेल काढणारी ओएनजीसी स्वतःच सरकारी. गुजरातेत मेहसाण्याजवळ बालोल आणि संथाल इथलं तेल काकवीसारखं घट्ट. तिथे जमिनीत हवा सोडून थोडं तेल खालीच जाळतात. उष्णतेनं उरलेलं पातळ होऊन विहिरीकडे सरकतं. असा जुगार खासगी कंपनी सहसा पहिल्यांदा खेळत नाही. माझा आक्षेप एवढाच, की जुगार लागल्यावर सरकारनं आपला वाटाही मागावा.