नवा बेल्ट टाकूनही गाडी सकाळी किंचाळते, बॅटरीचा दिवा लागतो. घरी काय तपासावं?

तुमच्या प्रश्नाचा मुद्दा असा: नाशिकरोडला गाडी उघड्यावर उभी असते. थंडीत सकाळी स्टार्ट केली की बॉनेटमधून किंचाळी येते, एसी लावला की वाढते, मध्येच बॅटरीचा लाल दिवा लागतो. बेल्ट (इंजिनच्या जोरावर अल्टरनेटर, पाण्याचा पंप वगैरे फिरवणारा पट्टा) गेल्याच वर्षी बदलला आहे आणि गॅरेजवाले पुन्हा बेल्टच टाका म्हणताहेत.

वर्षभरात नवा बेल्ट ओरडायला लागला, तर माझ्या मते आधी बेल्टवर संशय घेऊच नका. ताण कमी असणं, एखादी पुली तिरकी चालणं, बेअरिंग जड होणं किंवा ऑइल-कूलंटची गळती, यांपैकी काहीतरी त्या बेल्टला खातंय. ते न शोधता तिसरा बेल्ट टाकलात, तर तोही काही महिन्यांत ओरडेल.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत दव पडतं. त्यामुळे पहिलं मिनिटभर चिवचिवून आवाज बंद होत असेल तर घाबरू नका. एसी लावल्यावरही आवाज येतो आणि वर दिवाही लागतो, म्हणजे बेल्ट खरोखर स्लिप होतोय आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) पुरेसा फिरत नाही. मल्टिमीटर असेल तर बॅटरीवर लावा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत (स्मार्ट चार्जिंगच्या नव्या गाड्यांत कमी दिसू शकतात). हेडलाइट, एसी, ब्लोअर लावल्यावर किंचाळीबरोबर आकडा १३ च्या खाली घसरत असेल, तर स्लिपची खात्री झाली.

पुढची चाचणी पाण्याची. ओढणी, सैल बाह्या, लांब केस आवरून घ्या आणि हात फॅनपासून लांब ठेवा. इंजिन आयडलवर ठेवून स्प्रेच्या बाटलीने बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी मारा, अल्टरनेटरवर नाही. पाणी लागताच आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला तर पुल्या एका रेषेत नाहीत. तिरक्या पुलीचा आवाज तुटक ‘चिक-चिक’ असतो, स्लिपची किंचाळी सलग असते. पाण्याने काहीच फरक पडला नाही आणि घरघर येतच राहिली, तर बेअरिंगकडे वळा.

आता इंजिन थंड होऊ द्या, किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. बेल्ट काढण्याआधी त्याच्या वाटेचा मोबाइलवर फोटो काढा. ही वाट लक्षात राहील असं वाटतं, पण राहत नाही. टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली) स्प्रिंगचा असेल तर त्याच्या बोल्टवर किंवा चौकोनी खाचेत लांब पाना लावून टेन्शनरचा हात म्हणजे दांडा मागे ओढा आणि बेल्ट उतरवा. स्प्रिंगचा जोर मोठा असतो, पाना सुटला तर बोटं चेचतात. काही गाड्यांत टेन्शनरच नसतो, बेल्ट ताणूनच बसवलेला असतो. तिथे टॉमीने उचकटायला जाऊ नका.

बेल्ट निघाला की प्रत्येक पुली हाताने फिरवा. पाण्याचा पंप, अल्टरनेटर, आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारी मोकळी पुली), टेन्शनर, सगळ्या. चांगलं बेअरिंग गुपचूप आणि किंचित जड फिरतं. खरखर लागली, किंवा एका टिचकीत पुली भिरभिरत राहिली, तर ग्रीस संपलंय. मग पुली दोन बाजूंनी धरून हलवा. खटखट जाणवली तर बेअरिंग गेलं. पंपाच्या खाली कूलंटचे वाळलेले डाग दिसले तर पंपच बदलावा लागतो, तिथे नुसतं बेअरिंग टाकून भागत नाही. आयडलरमध्ये बऱ्याचदा ६२०३ नंबरचं बेअरिंग असतं: आतून १७, बाहेरून ४०, जाडी १२ मिलिमीटर. बेअरिंग निघण्यासारखं असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलंच घ्या. सातपूर-अंबडकडच्या धुळीत पत्र्याच्या झाकणाचं टिकत नाही. प्लास्टिकची पुली तडकलेली असेल किंवा बेअरिंग तिच्यातच ओतलेलं असेल, तर पूर्ण पुली बदला.

अल्टरनेटरच्या पुलीत क्लच असेल तर ती एका दिशेला मोकळी फिरते आणि दुसऱ्या दिशेला आतला रोटर घेऊन फिरते. दोन्हीकडे मोकळी फिरली तरी गेली, दोन्हीकडे घट्ट असली तरी गेली. ती उघडायला दातेरी खास सॉकेट लागतं, साध्या पान्याने होणारं काम नाही.

क्रँकची मोठी पुली, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावरची, बरेच जण बघतच नाहीत. तिच्या आतला गोल आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबर असतं. ते सुटलं की कडं सरकतं, पुली डुलते आणि बेल्ट खाते. दोन्हींवर आडवी खडूची एक रेघ मारा, बेल्ट बसवून गाडी थोडी चालवा. रेघ तुटलेली दिसली तर पुली बदला, तिला दुरुस्ती नाही.

टेन्शनरचा हात इंजिन चालू असताना किंचित हलणं ठीक, पण जोरात थरथरत असेल तर आतला डॅम्पर (हादरे शोषणारा भाग) संपलाय. हाताने दाबल्यावर अडकत किंवा तिरका जात असेल तरी बदला. तिरक्या टेन्शनरमुळे बेल्टच्या एकाच कडेची सुतं निघतात आणि आजूबाजूला काळी भुकटी साचते. तुमच्याकडे वर्षभराचा बेल्ट आहे, त्याच्या कडा आधी याच नजरेने बघा.

बेल्ट उलटा करूनही पाहा. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट जुन्यांसारखे पटकन तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात. खाच ‘व्ही’ सारखी टोकदार न राहता ‘यू’ सारखी रुंद झाली असेल, तर भेगा नसल्या तरी तो संपलाय. ऑइलने फुगलेला बेल्ट धुऊन वापरू नका. गळती आधी बंद करा, पुल्यांच्या खाचा पुसून घ्या, मग नवा टाका. साबण, मेण, बेल्टचा स्प्रे, यातलं काहीही लावू नका. आवाज दोन दिवस दबतो आणि धूळ चिकटून खाचा भरतात.

नवा बेल्ट घेताना जुन्यावरचा नंबर दाखवा. ६पीके१२०० म्हणजे सहा धारा आणि १२०० मिलिमीटर लांबी. लांबीत तडजोड करू नका. बसवल्यावर प्रत्येक पुलीच्या कडेवर बोट फिरवा. एक धार बाहेर राहिली तरी बेल्ट फाटतो.

ताण हाताने बसवायचा असेल (जुन्या गाड्या, ट्रॅक्टर), तर सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने जोरात, सुमारे १० किलो, दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबायला हवा. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धरा. आवाज थांबावा म्हणून जास्त आवळला, तर अल्टरनेटरचं आणि पंपाचं बेअरिंग खराब होतं. नवा बेल्ट पंधरा-वीस मिनिटं चालला की इंजिन बंद करून ताण पुन्हा मोजा, कारण तो सुरुवातीला सैल पडतो.

झाकणामागचा टायमिंग बेल्ट वेगळा, त्याला घरी हात लावू नका. एक दात चुकला तरी बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

आणि रस्त्यात बॅटरीचा दिवा, स्टिअरिंग जड आणि तापमानाचा काटा वर, हे एकदम झालं तर बेल्ट तुटलाय. कसारा घाटात असाल तरी गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करा. पंप फिरत नसताना थोडं पुढे जाऊ म्हटलं, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) जाऊ शकतं.