सुनेचा पहिला नाताळ, सगळं घरी करायचंय: तयारी कधीपासून सुरू करावी?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. सून ख्रिस्ती आहे, लग्नानंतरचा तिचा पहिला नाताळ तुमच्या ठाण्याच्या घरी होणार, पंचवीसेक माणसं जेवायला असतील, केकपासून चांदणीपर्यंत काही विकत आणायचं नाही. आणि हे सगळं तुम्ही जुलैमध्ये विचारताय म्हणून घरचे हसतात. हसू देत. मी ठाण्यातलीच ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातली. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये माझा बाप्तिस्माही झाला आणि लग्नही. आमच्या घरी नाताळची पहिली तयारी मे महिन्यात होते, गच्चीवर मिरच्या वाळत पडतात तेव्हा. त्या मिरच्यांचा, हळदीचा, खसखशीचा, वीस-पंचवीस जिन्नसांचा जो बॉटल मसाला होतो, तोच डिसेंबरच्या मटणात पडतो. पूर्वी मसाला कुटणाऱ्या बायका घरोघरी यायच्या, आणि तयार मसाला बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरून ठेवायचे. बाटलीत उजेड जात नाही, रंग टिकतो. नाव त्यावरूनच पडलं. म्हणजे तुम्ही लवकर नाही, आमच्या हिशेबाने दोन महिने उशिराच विचारताय.

पण बाजारात जाण्याआधी सुनेशी बोला. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा बेत असेल तर तो सोडून द्या, असं मी अगदी मनापासून सांगते. ‘ख्रिस्ती फराळ’ अशी एकच गोष्ट नसते. ती मंगळूरची असेल तर तिच्या डोळ्यांसमोर कुस्वाराचं, म्हणजे तिकडच्या नाताळ फराळाचं ताट असेल, त्यात किडियो म्हणजे वळून तळलेले गोड तुकडे, नेवऱ्या म्हणजे करंज्या, गुलाबाच्या आकाराची तळलेली फुलं. गोव्याची असेल तर गूळ-नारळाचं दोदोल आणि थरांची बेबिंका. आमच्यासारखी असेल तर रवा-नारळाची थाळी स्वीट, दुधाच्या मिल्क क्रीमच्या वड्या, सुक्या मेव्याचं मार्झिपान आणि जेवणात फुगे, म्हणजे यीस्टच्या पिठाचे तळलेले गोळे. वसईची असेल तर तिथलं पुन्हा वेगळं. तुम्ही खपून बेबिंकाचे सात थर लावाल आणि तिला आठवण येत असेल आईच्या कलकलांची, मैद्याच्या त्या वळून तळलेल्या गोड तुकड्यांची. तिला एवढंच विचारा: ‘तुमच्याकडे कशाचा वास आला की नाताळ आला असं वाटायचं?’ ती जे दोन-तीन पदार्थ सांगेल ते पक्के धरा. तिच्या आईला फोन करून प्रमाण लिहून घ्या, जमलं तर एकदा त्यांच्याकडे जाऊन हाताखाली करून बघा. विहीणबाईंना किती बरं वाटेल याची तुम्हाला कल्पना नाही. बाकीचं तुमच्या हौशीने ठरवा.

आता वेळापत्रक. लोक पदार्थांची यादी करतात आणि एकेका रविवारी एकेक पदार्थ उरकतात. तसं करू नका. नारळाकडे बघा. ज्यात ओला नारळ, दूध किंवा पाणी जास्त, ते शेवटी. ज्यात साखर, दारू, व्हिनेगर किंवा नुसतं तळण, ते आधी. मी लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी उत्साहाच्या भरात १५ डिसेंबरला ओल्या नारळाच्या दीडशे नेवऱ्या करून डब्यात भरल्या. २४ ला डबा उघडला तर आंबूस वास. रात्री मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जायच्या ऐवजी सासूबाई आणि मी खोबरं किसत बसलो होतो. तेव्हापासून आमच्याकडे ओल्या नारळाचं काहीही २२ च्या आधी होत नाही. आधी करायच्या नेवऱ्यांत सुकं खोबरं, भाजलेला रवा, तीळ आणि पिठीसाखर घाला, त्या दोन आठवडे सहज राहतात. इंग्रजी पुस्तकांतली प्रमाणं आणि मुदती थंड देशांतल्या स्वयंपाकघरांच्या असतात, हेही लक्षात असू द्या. ठाण्यात डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो.

केकच्या फळांपासून सुरुवात करा. सांगली-तासगावकडचे बेदाणे उन्हाळ्याच्या तोंडावर वाळून तयार होतात, त्यामुळे आत्ता बाजारात चांगला माल मिळेल. एकदम घ्यायचं तर ठाण्याहून वाशीची लोकल पकडून एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये जा, थोडंच हवं असेल तर जांभळी नाक्याला मिळतं सगळं. काळे मनुके, बेदाणे, खजूर, जर्दाळू, संत्र्याच्या पाकवलेल्या साली, थोडी टुटीफ्रुटी. पावसाळ्याचे दिवस आहेत म्हणून मी फळं धूत नाही, कोरड्या फडक्याने पुसते, नाहीतर ओल राहून बुरशी धरते. बारीक चिरून कोरड्या काचेच्या बरणीत भरायची आणि वरपर्यंत बुडतील इतकी रम ओतायची. दर आठवड्याला बरणी उलटीसुलटी करायची. फळं रम पिऊन फुगतात, वरची कोरडी पडली की अजून घाला. हे काम ऑगस्टमध्ये झालं तर उत्तम, ऑक्टोबरमध्ये झालं तरी केक छानच होतो.

घरात दारू चालत नसेल तर संत्र्याचा रस वापरा, पण मग हा महिन्यांचा खेळ नाही. एक-दोन दिवस फ्रिजमध्ये भिजवायची, केक १८-२० डिसेंबरला भाजायचा आणि तोही फ्रिजमध्येच ठेवायचा. रमचा केक मात्र नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भाजा. माझं प्रमाण साधं आहे: पाव किलो मैदा, पाव किलो लोणी, पाव किलो साखर, पाच अंडी आणि अर्धा किलो भिजवलेली फळं. रंगासाठी शंभर ग्रॅम साखर वेगळी जाळायची. ती गडद तपकिरी झाली, धूर येऊ लागला की लांब उभं राहून गरम पाणी ओतायचं, कारण ते उसळतं. हा पाक पूर्ण गार करून मगच केकमध्ये घाला. फळं निथळून चमचाभर मैद्यात घोळवा, म्हणजे तळाशी बसत नाहीत. आठ इंची डब्याला आतून बटर पेपरचे दोन थर द्या आणि १५० अंशावर साधारण दोन तास भाजा, पावणेदोन तासांनी सुई घालून बघा. गार झाला की बटर पेपरमध्ये आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळा. दर रविवारी सुईने टोचून दोन चमचे रम पाजा. पंचवीस माणसं आणि शेजाऱ्यांची ताटं धरली तर असे तीन केक लागतील. घरचा ओव्हन लहान असेल तर तीन वेगवेगळ्या दिवशी भाजा. पूर्वी आम्ही डबे बेकरीच्या भट्टीत द्यायचो. एका वर्षी मी २२ तारखेला दिले, बेकरीत सगळ्या गावाच्या डब्यांची गर्दी, आणि माझे कडेने करपून परत आले. दुसरे करायला ना दिवस उरले होते ना फळं.

मध्ये दिवाळी येते, हे तुमच्या बाबतीत फार सोयीचं आहे. कढई, झारा, करंजीचे साचे, कातण सगळं बाहेर निघालेलं असतं. हवाबंद डबे फराळ संपला की माळ्यावर टाकू नका. आकाशकंदिलाच्या बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद आणायला जाल तेव्हा चांदणीसाठीही जास्तीच्या आणा. पाच कोनांचे दोन सांगाडे, मधे चार आखूड काड्यांचे टेकू देऊन फुगवटा आणायचा, आत लहान एलईडीचा दिवा. ज्याला कंदील येतो त्याला चांदणी येतेच. तुमच्या घरात हे काम कुणाकडे असेल त्याला ते देऊन मोकळ्या व्हा.

डिसेंबर लागला की पेरू घ्या. पेरूचं चीज म्हणजे गर आणि साखर समसमान, थोडं लिंबू, आणि ढवळून ढवळून दुखलेला हात. कडा सोडू लागलं की तूप लावलेल्या ताटात थापा. महिनाभर टिकतं, म्हणून पहिल्या आठवड्यातच करून टाका. बटर पेपरमध्ये गुंडाळलेल्या त्याच्या वड्या भेट म्हणून देता येतात, आणि कोणत्याही विकतच्या डब्यापेक्षा त्या मला जास्त आवडतात. मार्झिपान १५ नंतर, फ्रिजमध्ये ठेवायचं. मिल्क क्रीम २० नंतर. ते दुधाचं आहे, त्याला थांबायला लावू नका.

कलकलांचा दिवस मात्र वेगळा काढा, १३-१५ च्या आसपासचा शनिवार किंवा रविवार बघून. हे एकट्याने करायचं काम नाही. एक किलो मैद्याचे कलकल म्हणजे काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर वळलेले शेकडो तुकडे. आमच्याकडे टेबलावर वर्तमानपत्रं पसरून आजीपासून सहा वर्षांच्या पोरापर्यंत सगळे बसतात. पोरांचे कलकल वाकडे होतात, तेच आधी संपतात. सुनेच्या माहेरच्यांना त्या दिवशी बोलवा. माझं मत विचाराल तर तुमच्या सबंध नाताळातला हा सगळ्यात महत्त्वाचा दिवस आहे, २५ पेक्षाही. पंगतीत लोक शेजारी बसतात, पण दोन घरांची माणसं एकमेकांना ओळखू लागतात ती पीठ वळताना.

गोठ्याचं, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचं काम डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतं. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी पहिल्यांदा असा गोठा मांडला, तिथून ही प्रथा पसरली. गवतासाठी आमच्याकडे नाचणी पेरतात. नाचणी रात्रभर भिजवून उथळ ताटात किंवा पन्हाळीत मातीवर पसरायची, रोज पाणी शिंपडायचं. १३-१४ ला पेरलीत तर २४ ला बोटभर हिरवंगार कुरण मिळतं. पुठ्ठा, पेंढा आणि गोणपाटाचं छप्पर पुरे. बाळ येशूची मूर्ती मात्र २४ च्या रात्रीपर्यंत गोठ्यात ठेवायची नाही, आणि ती सुनेच्या हातून ठेवा. नाताळाच्या आधीच्या चार रविवारी आगमनकाळाच्या मेणबत्त्या लावतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, गुलाबी तिसऱ्या रविवारी. सून आपल्या घरी लावत असेल तर त्या चार रविवारांना जागा करून द्या.

जेवणाचं थोडक्यात सांगते. डुकराच्या मटणाचं सोरपोटेल करणार असाल तर २२ लाच करा. व्हिनेगरमुळे ते मुरतं आणि तिसऱ्या दिवशी खरं लागतं. फ्रिजमध्ये ठेवा आणि वाढताना नीट उकळा. मटणवाल्याला आठवडाभर आधी सांगून ठेवा. तुमच्या घरी डुकराचं मटण चालत नसेल तर मुळीच संकोच करू नका, बॉटल मसाल्यातलं चिकन करा, मसाला सुनेकडून किंवा तिच्या आईकडून येईल. फुगे मात्र त्याच दिवशी सकाळी: मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि यीस्ट घालून भिजवलेलं पीठ फुगलं की मुठीतून अंगठ्याजवळून गोळा पिळत तेलात सोडायचा. पहिले दहा बिघडतात. नोव्हेंबरात एकदा हात बसवून घ्या.

शेजाऱ्यांची ताटं २३ ला भरा. दिवाळीत ज्यांच्याकडून फराळ आला असेल त्यांची नावं आत्ताच कुठेतरी लिहा. केकमध्ये अंडं आणि रम आहे हे देताना प्रत्येकाला सांगायचं, आणि जे खात नाहीत त्यांच्या ताटात केकऐवजी पेरूचं चीज आणि सुक्या खोबऱ्याच्या नेवऱ्या जास्त ठेवायच्या. त्यासाठी त्या ताटांतले कलकलही बिनअंड्याचे, नारळाच्या दुधात भिजवलेले आणि वेगळ्या घाण्यात तळलेले असू द्यात.

हा सगळा खटाटोप २४ ची दुपार रिकामी राहावी म्हणून. त्या दिवशी फक्त नाचणीला पाणी, साडीला इस्त्री आणि दोन तास झोप. मिस्साची वेळ चर्चमध्ये आधी विचारून ठेवा आणि सुनेबरोबर तुम्हीही जा. तुम्हाला प्रार्थना येत नसल्या तरी चालतं, शेजारी बसा. मी सून म्हणून आले तेव्हा पहिल्या नाताळाला माझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नव्हत्या. जेवण अप्रतिम होतं, पण मला आठवतं ते चर्चमधलं माझ्या शेजारचं रिकामं आसन. दुसऱ्या वर्षी नेवऱ्यांनी आम्हा दोघींनाही घरी ठेवलं. तिसऱ्या वर्षीपासून त्या माझ्याबरोबर यायला लागल्या.

आणि २५ ला एखादा पदार्थ राहून गेलाच, तर ६ जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत, आमचा नाताळ चालू असतो. दोदोल ३० ला केलंत तरी ते नाताळचंच. ६ तारखेनंतर गोठा उतरवताना मूर्ती कापसात गुंडाळून ठेवा, चांदणी घडी न करता कपाटाच्या मागे उभी करा, आणि नाचणीचं गवत मुळासकट कुंडीत लावून टाका. आमच्या गॅलरीत एका वर्षी त्याला कणसं आली होती.