वारीला निघताय? आधी पाय दाखवा

पालखीच्या प्रस्थानाला आठ दिवस उरले की साताऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं : "डॉक्टर, निघतोय, काहीतरी ताकदीचं द्या." आठ दिवसांत ताकद येत नसते. म्हणून यंदा चैत्रातच प्रश्न मागवले. आले ते दरवर्षीचेच.

रोज किती चालावं? वय ६१, बँकेतून निवृत्त. – सातारा

आजपासून रोज अर्धा तास. दर आठवड्याला थोडं वाढवत दीड-दोन तासांवर या. शेवटच्या महिन्यात दोनदा तरी लागोपाठ दोन दिवस लांबचं चाला. वारीत पहिला दिवस कुणालाच जड जात नाही. दुखऱ्या पायांनी दुसऱ्या पहाटे उठणं जड जातं. अजिंक्यतारा रोज चढत असाल तर उत्तम, पण आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर वाट बहुतेक डांबरी आहे. तेव्हा सराव डांबरावर आणि वारीत घालायच्याच पायताणात करा. आदल्या आठवड्यात नवे बूट घेणाऱ्यांचे फोड मी दरवर्षी लोणंदच्या मुक्कामी बघतो. साठी उलटली आहे, म्हणून सुरुवातीलाच रक्तदाब आणि ईसीजी बघून घ्या.

फोड आला तर त्यातून सुई-दोरा ओवून ठेवावा, असं दिंडीतले जुने लोक सांगतात. – रहिमतपूर

नको. तो दोरा म्हणजे जंतूंना पायवाट.

गुडघ्यांसाठी 'खास वारीचं तेल' आणि गोळ्यांचं पाकीट मिळतंय. घेऊ का? – वाई

तेलानं चोळल्यावर बरं वाटतं ते चोळण्यानं. त्याला घरातलं खोबरेल पुरे. पाकिटातल्या गोळ्या मात्र घेऊ नका. त्यावर नाव नसेल तर त्यात वेदनाशामक आहे की स्टेरॉइड, हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही. उन्हात अंगातलं पाणी कमी झालेलं, त्यात रक्तदाबाची गोळी चालू आणि वर रोज दोन वेदनाशामक, एवढं मूत्रपिंड बिघडायला पुरतं. 'ताकदीच्या सलाईन'चंही तेच. अर्ध्या लिटरच्या ग्लुकोजच्या बाटलीत असते २५ ग्रॅम साखर. तेवढ्यासाठी शीर टोचून घेऊन पैसे मोजायचे? त्यापेक्षा लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा लहान चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ घालून प्या. गुडघा सुजत असेल तर तेलवाल्याकडे नाही, अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा.

आमच्या ह्यांना बारा वर्षं मधुमेह आहे. मुलाच्या नोकरीसाठी अनवाणी वारीचा नवस बोललेत. 'माऊलीच्या वाटेवर साखर आपोआप उतरते,' म्हणून गोळ्याही बंद करणार आहेत. – कोरेगाव

ताई, यातलं साखर उतरण्याचं तेवढं अर्धं खरं आहे, आणि तेच घातक आहे. दिवसाला वीस-बावीस किलोमीटर चालल्यावर साखर उतरते. चालणं थांबलं की परत चढते. गोळ्या बंद केल्या तर चढेल, आणि नेहमीच्याच ठेवून उपास केला तर भलतीच खाली येईल. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात दिवे घाट, आणि त्याच दिवशी बहुधा एकादशी. घाम सुटला, हात थरथरले, माणूस असंबद्ध बोलायला लागला की लोक म्हणतात, ऊन लागलं. ऊन नसतं ते. चार चमचे साखर द्यायची असते, आणि ती सामानाबरोबर ट्रकमध्ये पुढच्या मुक्कामी गेलेली असते. गोळ्या, इन्सुलिन, साखर खांद्यावरच्या पिशवीतच हवी. डोस किती कमी करायचा हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. तुम्ही नाही, शेजाऱ्यांनी नाही, पत्र वाचून मीही नाही.

आता पाय. जुन्या मधुमेहात तळव्यांची संवेदना जाते आणि माणसाला ते कळत नाही, कारण दुखतच नाही. एका वारकऱ्यानं बुटात खडा घेऊन फलटण ते बरड मजल मारली. मोजा काढल्यावर रक्त दिसलं तेव्हा त्याला समजलं. तो बुटात होता. अनवाणी पायाखाली तापलेलं डांबर, काचा, बाभळीचे काटे येतात. तळव्याची जखम चिघळली की बोट जातं, कधी पाऊल. त्यांना याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. नायलॉनचा दहा ग्रॅमचा तंतू तळव्याला टेकवून संवेदना तपासतात, पाच मिनिटांचं काम. तीन महिन्यांची सरासरी साखरही बघा. वाटेत रोज संध्याकाळी पायाखाली आरसा धरून तळवे तुम्ही बघायचे, त्यांनी 'काही नाही' म्हटलं तरी. नवसाचं म्हणाल तर तो कसा फेडायचा हे दिंडीच्या महाराजांना विचारा. तपासणीत संवेदना गेलेली निघाली तर अनवाणी चालायला मी परवानगी देणार नाही. पायात जोडे असले म्हणून विठोबा पाठ फिरवत नाही, एवढं मलाही कळतं.

सासूबाई ६७ वर्षांच्या, पहिलीच वारी. शरीर ठीक आहे, पण गर्दीची धास्ती आणि झोप नाही. मनाची तयारी कशी करावी? – कराड

घरातच वारी सुरू करा. पंधरा दिवस गादी सोडून सतरंजीवर झोपू द्या, पहाटे चारला उठू द्या, गार पाण्यानं आंघोळ. चालताना हरिपाठ म्हणायला सांगा. दम न लागता अभंग म्हणता आला तर चाल बरोबर. शब्द तुटले तर हळू चालायचं. मन त्या लयीत आपोआप बसतं, असं वारकरी सांगतात आणि मीही ते पाहिलंय. बायकांचं एक दुखणं कुणी बोलत नाही : आडोसा मिळणार नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि मग लघवीला जळजळ, ताप. त्यांना पाणी प्यायला लावा, दिंडीतल्या दोन बायकांशी आधीच ओळख करून द्या. धास्तीनं छातीत धडधडत असेल तर ती धास्तीच आहे हे गृहीत धरू नका, तपासून घ्या.

माळ न घालता वारी केली तर चालेल का? – मेढा

चुकीच्या डॉक्टरला विचारलंत.

अँजिओप्लास्टी होऊन चार महिने झाले. फक्त तरडगाव ते फलटण चालतो. चालेल ना? – वडूज

'चालेल ना' असं विचारलंत, म्हणजे ठरवून बसलात. हृदयरोगतज्ज्ञांची वेळ आजच घ्या.